दोन तासांचे निलंबन मिळणेबाबत

दिनांक : १४, गुरुवार

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अन्न तपासणी कार्यालय,
दुसरा मजला.

मार्फत : मुख्य लिपिक. (त्यांनी अर्ज दोनदा वाचून, "मी हा वाचलेला नाही," असे सांगून पुढे पाठवला आहे.)

अर्जदार : अन्न निरीक्षक, विभाग दोन.

विषय : येत्या रविवारी दुपारी एक ते तीन या वेळेत अर्जदारास निलंबित करणेबाबत. (कारण : मुलीबरोबर तळलेली कोंबडी खाणे.)

संदर्भ : १) आपल्याशी मंगळवारी जिन्यात झालेली तोंडी चर्चा. २) कार्यालयीन नियमावली, नियम २३.

महोदया,

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने खालील हकीकत आपल्यासमोर मांडण्याची परवानगी असावी.

१. मी गेली सत्तावीस वर्षे या कार्यालयात अन्न निरीक्षक म्हणून काम करीत आहे. या काळात हद्दीतील प्रत्येक खानावळ, बेकरी, कॅन्टीन आणि आइस्क्रीमची गाडी मी आतून पाहिली आहे. आतून पाहिल्यावर बाहेर बसून खाणे जमत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. आपलाही डबा गेली नऊ वर्षे घरून येतो आणि त्याचे झाकण आपण दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही. निलंबन टाळण्यासाठी आलेले अर्ज मुख्य लिपिकांकडे कपाटभर आहेत. निलंबन मागणारा हा पहिलाच आहे, असे ते म्हणतात. त्यावरून माझे डोके ठिकाणावर नाही असा समज होऊ नये. ते सत्तावीस वर्षे एकाच ठिकाणी आहे, आणि अडचण त्यामुळेच उद्भवली आहे.

२. माझी एकुलती एक मुलगी परिचारिका आहे. तिला परदेशातील एका रुग्णालयात तीन वर्षांच्या करारावर नोकरी मिळाली असून सोमवारी सकाळी सहा वाजता तिचे विमान आहे. पहिली दीड वर्षे रजा नाही. जाण्यापूर्वी तुला काय हवे, असे घरच्यांनी तिला विचारले. सासूबाईंनी बांगड्या देऊ केल्या, मेहुण्यांनी चाकांची बॅग देऊ केली. तिने सांगितले की, रविवारी दुपारी बस आगारासमोरच्या दुकानात जायचे, तळलेल्या कोंबडीची मोठी बादली घ्यायची आणि पोटभर खायचे. (सदर दुकानात कोंबडीचे तुकडे कागदी बादलीतून देतात. कागदाचा दर्जा समाधानकारक आहे.) शाळा संपली तेव्हा, पहिला पगार झाला तेव्हा, ती मैत्रिणींना घेऊन तिथेच गेली होती. हे दुकान विभाग दोनमध्ये, म्हणजे माझ्याच हद्दीत येते.

३. सदर दुकानात मी कुटुंबासह यापूर्वी दोनदा गेलो आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकान नवे होते आणि मुलगी बारा वर्षांची. आम्ही दारातून आत शिरताच काउंटरमागच्या सगळ्यांनी एकदम डोक्यावर जाळीच्या टोप्या चढवल्या. एकाने तळणाचे तेल बदलायला घेतले. मॅनेजरांच्या तोंडचे पाणी पळाले आणि त्यांनी मेन्यू आणायचा सोडून स्वच्छतेचे रजिस्टर आणले आणि माझ्यासमोर उघडून धरले. मी आज जेवायला आलो आहे, असे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. "हो साहेब, सगळे तसंच सांगतात," असे म्हणून ते उभेच राहिले.

मी रजिस्टरकडे पाहिलेही नाही, याला घरचे साक्षीदार आहेत. परंतु आमची बादली टेबलावर आली आणि तिच्यातून वाफ येत नव्हती. इतरांच्या खिशाला पेन असते, तसा माझ्या खिशाला थर्मामीटर असतो. तो केव्हा बाहेर आला आणि केव्हा तुकड्यात गेला, हे माझे मलाच समजले नाही. बावन्न अंश. गरम ठेवण्याच्या कपाटातील अन्न साठ अंशांच्या वर असले पाहिजे. पुढचे सर्व रीतसर झाले. त्या कपाटातील संपूर्ण माल नष्ट करण्याचा आदेश मी जागेवर लिहिला, आणि आमची बादली त्याच कपाटातून आलेली असल्यामुळे तीही त्यात धरली. पंचनाम्यावर सही करायला दुकानातले एकही गिऱ्हाईक तयार होईना, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. तेव्हा पंच क्रमांक एक म्हणून पत्नीने आणि पंच क्रमांक दोन म्हणून मेहुण्यांनी सही केली. मुलीच्या हातात एक तुकडा होता व तिने त्याला नुकताच दात लावला होता. "बाबा, हा पण?" असे तिने विचारले. पंचनाम्यात अनुक्रमांक चौदावर "एक तुकडा, अंशतः खाल्लेला" अशी नोंद आहे. मालावर फिनेल ओतले जात असताना ती खदाखदा हसत होती. घरी जाऊन आम्ही ब्रेड खाल्ला.

४. दुसऱ्यांदा गेलो त्याला आता दोन वर्षे झाली. मुलगी परिचारिकेची परीक्षा पास झाली होती. आपण ओळखले जाऊ नये म्हणून मी मेहुण्यांचे पिवळे जाकीट, कानटोपी आणि काळा चष्मा घातला. "भावोजी, आता तुम्हाला घरचेसुद्धा ओळखणार नाहीत," असे मेहुणे म्हणाले, आणि खरोखरच मॅनेजरांनी मला ओळखले नाही. त्यांनी मला भलतेच कोणीतरी समजले. सदर कंपनी आपल्या दुकानांत अधूनमधून एक गुप्त ग्राहक पाठवते, तो गुपचूप खातो आणि वर गुण कळवतो, अशी पद्धत असल्याचे मला नंतर समजले. काळा चष्मा लावून, कोपऱ्यात बसून, कोंबडीकडे एकटक पाहणारा माणूस दुसरा कोण असणार, असा हिशोब मॅनेजरांनी केला तो त्यांच्या जागी बरोबरच होता. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "साहेब, आम्हाला कळलंय. तुमचं चालू द्या." मग त्यांनी कंपनीचा मूल्यमापनाचा फॉर्म हळूच माझ्या ट्रेखाली सरकवला.

महोदया, समोर कोरा फॉर्म आला की मला तो भरल्याशिवाय राहवत नाही. बेचाळीस प्रश्न होते. मी प्रत्येकाचे उत्तर कारणांसह लिहिले आणि हात धुण्याच्या बेसिनविषयी एक पुरवणी जोडली. सव्वा तासाने मान वर केली तेव्हा टेबलापाशी कोणी नव्हते. माझ्या वाट्याचे दोन तुकडे समोर होते आणि त्यांच्याखाली पेपर नॅपकिनवर मुलीच्या अक्षरात लिहिले होते, "बाबा, तुमचं होऊ दे निवांत. आम्ही बूट बघायला पुढे जातोय." तुकडे एकतीस अंशांवर आले होते. एकतीस अंशांची कोंबडी मी कोणाला खाऊ देत नाही, तर स्वतः कशी खाणार? त्या वर्षी सदर मॅनेजरांना कंपनीकडून बक्षीस मिळाले असे ऐकतो. बेसिन मात्र अजून तेच आहे.

५. तीन आठवड्यांपूर्वी मुलीच्या नेमणुकीचे पत्र आले. दुकानातच जायला नको, पार्सल घरी आणू, असा तोडगा पत्नीने काढला व तो मलाही पटला. घरात पाच माणसे होतो : मी, पत्नी, मुलगी, सासूबाई आणि मेहुणे. मी हात धुऊन वाढायला घेतले. मुलगी तिकडच्या थंडीबद्दल, रुग्णालयाच्या खोल्यांबद्दल सांगत होती आणि मी मन लावून ऐकत होतो. हात आपले काम करीत होते. आपल्या कार्यालयात नमुन्याचे चार समान भाग करतात, हे मी आपणांस सांगणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास होईल : एक प्रयोगशाळेला, दोन पुनर्तपासणीसाठी कार्यालयाला, एक मालकाला. माझ्या हातांनी तेच केले. कॉफीच्या रिकाम्या बरण्या ओट्यावर होत्याच. बॅगेत लाख होती, शिक्का होता. मुलगी विमानतळावर कोण घ्यायला येणार ते सांगेपर्यंत तीन बरण्या सीलबंद होऊन त्यांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. दोन फ्रीजमध्ये गेल्या, एक माझ्या बॅगेत गेली. चौथा भाग मी "मालकाचा" म्हणून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना "बसा" म्हणालो.

पाच माणसांत तीन तुकडे होते. मग सासूबाईंनी विचारले, "जावईबापू, बाकीची कोंबडी सुटणार कधी?" मेहुणे चमचा घेऊन फ्रीजकडे निघाले, शासकीय सील सक्षम अधिकाऱ्याशिवाय तोडता येत नाही, म्हणून मी त्यांना अडवले. सक्षम अधिकारी मीच आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कार्यालयात आल्यावर सुचले. पत्नीने अंडी उकडायला ठेवली. मुलगी या वेळी हसली नाही. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि "असू दे बाबा," म्हणाली.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करीत असताना स्वयंपाकघरातले बोलणे कानावर आले. मुलगी आईला सांगत होती, "जायच्या आधीच्या रविवारी आपण चौघंच जाऊ गं त्या दुकानात. बाबांना तिथं उगाच त्रास होतो." पत्नी म्हणाली, "अगं, येतील की. बसतील एका बाजूला." त्यावर मुलगी म्हणाली, "एका बाजूलाच बसतात ना ते. नको वाटतं मला बघायला."

हे तिने रागाने म्हटले असते तर मी तिची समजूत घातली असती. समजूत घालणे मला जमते. रागावलेले दुकानदार हा माझा रोजचा विषय आहे. पण तिला माझी काळजी वाटत होती, आणि तिच्यावर कोणती नोटीस काढायची ते मला कळेना. मला फार वाईट वाटले. अर्ध्या गालाची दाढी तशीच ठेवून मी कार्यालयात आलो, हे आपल्याही लक्षात आले असेल.

७. या संदर्भात मी मंगळवारी जिन्यात आपला सल्ला घेतला. "अहो, रविवार सुट्टीचाच आहे. जा आणि खा. एवढं काय त्यात?" असे आपण म्हणालात. मी निश्चिंत होऊन मुख्य लिपिकांकडे गेलो, तर त्यांनी नियम २३ काढून पुढ्यात ठेवला. निरीक्षक कामावर असो, रजेवर असो वा सुट्टीवर, त्याच्या नजरेस त्रुटी आल्यास त्याने तत्काळ कारवाई केली पाहिजे. यातून तिघे वगळले आहेत : निवृत्त, मयत आणि निलंबित. निवृत्तीला मला चार वर्षे आहेत. दुसऱ्या प्रकाराला पत्नीची संमती नाही. राहता राहिला तिसरा.

मी इतर मार्ग पाहिले नाहीत असे नव्हे. विभाग एकचे निरीक्षक, ज्यांना आपण सगळे तेलात बुडवायच्या चाचणीपट्टीमुळे "पट्टीसाहेब" म्हणतो, त्यांनी शनिवारीच जाऊन दुकान ठाकठीक करून घेण्याची तयारी दाखवली. म्हणजे रविवारी माझ्या नजरेस काही पडणार नाही. पण हे आगाऊ सूचना देऊन तपासणी केल्यासारखे झाले असते, म्हणून मी त्यांचे आभार मानून नकार दिला. डोळे मिटून खा, असेही त्यांनी सुचवले. घरी करून पाहिले. डोळे मिटले की हाताला थर्मामीटर लवकर सापडतो. काल जेवणाच्या सुट्टीत मी बस आगाराच्या बाकावर बसून समोरच्या दुकानाकडे चारचौघांसारखे पाहण्याचा सराव केला. चार मिनिटे मला फक्त माणसे दिसली. एक आजोबा नातवाला हाडाभोवतीचे मांस सोडवून देत होते. पाचव्या मिनिटाला मी धुराड्याच्या जाळीवरचे तेलाचे ओघळ मोजू लागलो. अधिकार अंगावर असेपर्यंत माझ्याने हे व्हायचे नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

८. सबब, मला रविवारी दुपारी एक ते तीन या वेळेत निलंबित करावे, ही विनंती.

निलंबनासाठी काहीतरी गैरवर्तन लागते, उगाच कोणालाही निलंबित करता येत नाही, असा आक्षेप मुख्य लिपिकांनी घेतला. त्याचीही सोय आहे. परिच्छेद पाचमध्ये नमूद केल्याप्रमाणे मी शासकीय लाखेच्या दोन कांड्या, तीन चिठ्ठ्या आणि कार्यालयाचा शिक्का घरगुती कोंबडीसाठी वापरला. हा शासकीय साहित्याचा उघड गैरवापर आहे आणि तो मी विनाअट कबूल करतो. पुरावा आमच्या फ्रीजमध्ये सीलबंद स्थितीत आहे. पत्नी तो लवकर हलवावा म्हणते.

९. निलंबन काळातील व्यवस्था पुढीलप्रमाणे करता येईल. एक वाजायला पाच मिनिटे असताना मी ओळखपत्र, शिक्का, नोटीसबुक आणि थर्मामीटर पट्टीसाहेबांच्या ताब्यात देईन व पोच घेईन. ते आगाराच्या बाकावर बसतील. तीन वाजता मी सर्व वस्तू परत घेईन. मधल्या काळात दुकानात काही त्रुटी आढळल्यास इतर गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडले असे होऊ नये, म्हणून पट्टीसाहेबांचे अधिकार पूर्ववत राहतील आणि त्यांना वाटेल तेव्हा आत येता येईल. आमची बादली संपेपर्यंत त्यांनी येऊ नये, असे लिहिण्याचा मोह मला झाला होता. मी तो आवरला आहे.

आदेशाची एक प्रत दुकानाच्या मॅनेजरांना दाखवण्याची परवानगी असावी, म्हणजे माझ्यासाठी कोणी टोपी चढवणार नाही. टोपी त्यांनी एरवीही घालायची असते, ही बाब वेगळी. बसण्याची जागा मेहुण्यांनी ठरवली आहे : माझी पाठ काउंटरकडे, तोंड मुलीकडे. मी मान वळवली तर सासूबाई हाक मारतील. त्यांनी ही जबाबदारी आनंदाने स्वीकारली आहे.

१०. या निलंबनाच्या परिणामांची मला कल्पना नाही, असे कोणी म्हणू नये. वरिष्ठ निरीक्षकांच्या यादीत माझे नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे. निलंबन दोन तासांचे असले तरी नाव खाली जाते आणि मग निवृत्तीपर्यंत वर येत नाही, हे मुख्य लिपिकांनी मला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून सांगितले. सेवापुस्तकात लाल शाईने नोंद होईल. ती करताना कारणाच्या रकान्यात लाखेबरोबर मुलीचाही उल्लेख झाल्यास माझी हरकत नाही. मी हे सर्व पूर्ण विचारांती लिहीत आहे. पत्नीला दाखवले आहे. मुलीला दाखवलेले नाही, आणि तिला कळवू नये अशी विनंती आहे. ती नको म्हणेल.

११. आणखी एक गोष्ट लिहितो. अशी गोष्ट अर्जात लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. काल संध्याकाळी पत्नी रविवारची तयारी करीत होती. मोठ्या बादलीत पायाचे, छातीचे किंवा पंखांचे तुकडे आपण सांगू तसे जास्त घालून देतात. मुलीसाठी कोणते जास्त सांगायचे, असे पत्नीने मला सहज विचारले. मी बराच वेळ आठवत बसलो. कोणता तुकडा किती मिनिटांत शिजतो, हाडापाशी किती अंश हवेत आणि कडेला किती, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. माझ्या मुलीला त्यातला कोणता आवडतो, हे मला माहीत नाही. ती तेवीस वर्षांची आहे. पत्नीला माहीत आहे, सासूबाईंना माहीत आहे, मेहुण्यांना तर तिला सोबत कोणता सॉस लागतो तेही माहीत आहे. ते सांगायला निघाले होते. मी त्यांना थांबवले. रविवारी बादली मध्ये ठेवल्यावर ती आधी कोणत्या तुकड्याला हात घालते, ते मला समोर बसून पाहायचे आहे. त्याला अर्धे मिनिट पुरेल. मी दोन तास मागत आहे.

आदेश शनिवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी मिळावा.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,

(सही)
अन्न निरीक्षक, विभाग दोन
(रविवारी दुपारी एक ते तीन वगळून)

सोबत :
१) विमानाच्या तिकिटाची छायाप्रत.
२) शासकीय लाख, चिठ्ठ्या व शिक्क्याच्या गैरवापराचा कबुलीजबाब, दोन प्रतींत.
३) पट्टीसाहेबांचे बाकावर बसण्याबाबतचे संमतिपत्र.
४) पत्नीचे ना हरकत पत्र. (त्यातील शेवटची ओळ माझ्यासाठी आहे. खोडल्यास कागद अवैध ठरतो, म्हणून ती तशीच ठेवली आहे. आपण ती वाचू नये, ही विनंती.)